गाळलेली बारा माणसं

पुणे,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय भागीरथीताई,

नमस्कार. वैशाखऱ्याला थंडी पडली असेल. भातझोडणी आटोपली का? मी बरी आहे. तिथल्या शाळेतल्या माझ्या सत्काराचं तुम्ही फोनवर एवढ्या आनंदाने सांगितलंत, पण मी येणार नाही. मुख्याध्यापक सरांना तसं कळवलंय. कारण मात्र आधी तुम्हाला कळायला हवं.

सात वर्षांपूर्वी आपण दोघी पाड्यापाड्यांवर म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासत फिरलो. आरोग्य केंद्राच्या आशाताई म्हणून घरोघरी तुमचा वावर, त्यामुळेच लोक माझ्याशी बोलले. त्यावरून मी मेंदूशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात लेख लिहिला, की रानात वावरलेल्या माणसांची स्मृती उतारवयातही शाबूत राहते. चारशेहून जास्त संशोधकांनी आजवर त्याचा आधार घेतलाय. माझी ही नोकरी, परदेशची बोलावणी, सगळं त्या एका लेखावर.

ते खरं नाही, ताई. आपण एकसष्ट जणांना तपासलं होतं. लेखात एकोणपन्नास आहेत. ज्या बारा जणांना आठवत नव्हतं, त्यांच्यापुढे मी 'ऐकू कमी येतं' असं लिहिलं आणि त्यांना गाळलं.

त्यात तुमची आई होती.

तुम्ही मला ओट्यावर विचारलं होतंत, "आय चूल पेटवते नि इसरते गो. तुमी शिकलेल्या, सांगा ना, काय झालंय तिला?"

"काही नाही, कानाचं आहे," मी म्हणाले. माहीत असून म्हणाले.

तुम्ही आईला, भिमीआजींना, कल्याणला नेऊन कानाचं यंत्र आणलंत. आणि परवा सहज बोलून गेलात, "यंत्र लावून पन मुद्दाम करते म्हणून लय ओरडायचे मी. एकदा हात उचलला. आता वळखत नाय मला."

मी रेंज गेली असं भासवून फोन ठेवला.

वेळीच कळतं तर आजार थांबला नसता कदाचित. पण तुमचा हात उचलला गेला नसता.

काल नियतकालिकाला लेख मागे घ्या म्हणून कळवलं. स्वतःहून केलं असं म्हणवत नाही. एका विद्यार्थिनीने मूळ नोंदी मागितल्या होत्या आणि दोन महिने मी तिला टाळत होते. नोकरी बहुतेक जाईल.

शुक्रवारी भिमीआजींसाठी ठाण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. गाडी सकाळी दाराशी येईल. मी सोबत नको असेन तर तसं कळवा, मी येणार नाही.

आई मुद्दाम करत नव्हती, ताई. एकदाही नाही.

तुमच्या ओट्यावर बसून खोटं बोललेली,
समीक्षा