चौथी जागा

रवि. ५ जाने.
सायकलवाल्या ग्रुपबरोबर पहिलीच राईड. पाय शाबूत आहेत, बसायची पंचाईत झालीय. पॅडवाल्या चड्डीच्या आत रोजची चड्डी घालायची नसते, हे दत्तूने घरी पोचल्यावर सांगितलं. आधी पोटभर हसला, मग सांगितलं. दत्तू लातूरकडचा, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. बाकी सगळे वाकडचे आयटीवाले, त्यात शिफ्टवाले आम्ही दोघेच. त्यांच्या सायकली दोन बोटांनी उचलतात. माझी जुनं लोखंड, एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली, वॉचमनच्या ओळखीने मिळाली. हातमोजे कंपनीचे, बोटं कापून.

हिच्या गिअरच्या दांड्या हँडलवर नाहीत, फ्रेमच्या खालच्या नळीवर आहेत. बदलायचा तर एक हात सोडावा लागतो. आणि मला एका हाताने सायकल चालवता येत नाही. शाळेपासून नाही. रोज मोशी ते निघोजे कंपनीत सायकलनेच जातो, कधी अडलं नाही. देसाई सर (ग्रुपचे म्होरके) म्हणाले, गिअर का नाही बदलत? म्हटलं, एकाच गिअरवर पाय तयार होतात. ते वा म्हणाले. थाप पचली.

बुध. ८ जाने.
फर्स्ट शिफ्ट. फेब्रुवारीत शर्यत आहे, चौघांची टीम. ओळीत एकामागे एक, पुढच्याने वारा खायचा, दमला की बाजूला होऊन शेवटी जायचं, मग दुसरा पुढे. सर, आयटीवाल्यांतला अभी आणि अभीचा भाऊ नक्की. चौथी जागा माझी किंवा दत्तूची.
संगीता म्हणाली, चौतीस वय झालं, आता शर्यत? मला हवीय एवढंच. इन्स्पेक्शनच्या टेबलावर दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टला पास-नापास करतो. एकदा मलाही कोणीतरी पास करावं.

रवि. १२ जाने.
दत्तू. मी राखीव.
सरांनी नीट सांगितलं, वाईट वाटू देऊ नकोस. मी म्हटलं छे छे. दत्तूच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच बसली. त्याने वर्षभर ओव्हरटाइम करून अॅल्युमिनियमची घेतलीय, पळतोही चांगला. मान्य. तरी घरी येऊन कुणाशी बोललो नाही. आई म्हणाली, रविवारचं विहारात यायचं सोडलंस ते या तोंडासाठी का.
सरांनी आज ओळीतले नियमही सांगितले. पुढच्याने खड्डा दिसला की हात खाली करून बोट दाखवायचं, नाहीतर ओरडायचं. मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नसतं.

रवि. १९ जाने.
दत्तू पडला. उजव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मोडलं. दवाखान्यातून आत्ता आलो. लिहवत नाही.

सोम. २० जाने.
लिहितो.
निघोजे रोड. मी पुढे होतो, दत्तू माझ्या मागे, चाकाला चाक. सर आणि अभी पार मागे. पुलाच्या उतारावरचा खड्डा. तो मला रोज भेटतो. जाताना डावीकडून, येताना उजवीकडून काढतो, डोळे मिटूनही काढेन. काल तसाच काढला. हँडल जरा वळवलं, गेलो. मग मागे आवाज.
दत्तू या रस्त्याला येत नाही. त्याला कुठून माहीत असणार?
हात दाखवला नाही, कारण हात सोडला की मी हेलपाटतो. हे खरं. पण ओरडायला काय झालं होतं? धाप लागली होती. तेवढीही नव्हती.
सगळे म्हणाले, रस्तेच असे. मीही म्हणालो.

गुरु. २३ जाने.
दत्तूकडे गेलो. हात गळ्यात अडकवलेला. सहा आठवडे तरी वेल्डिंग नाही, आणि तो कॉन्ट्रॅक्टवर. रेखावहिनींनी चहा केला. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही होता म्हणून बरं, नाहीतर रस्त्यावर कोण उचलतंय. शेजारचे आले तेव्हा दत्तूने सगळी हकीकत सांगितली, रस्त्याच्या कॉन्ट्रॅक्टरला शिव्या घातल्या, मधेमधे माझ्याकडे बघून "व्हय का न्हाई?" विचारत होता. मी मान हलवत होतो. तोंडात मिठाची गुळणी धरून चहा पिणं अवघड असतं. तरी पूर्ण प्यालो.

शनि. २५ जाने.
कंपनीत महिनाअखेरची निअर मिसची कार्डं. थोडक्यात टळलेला अपघात, माणशी एक, लिहून द्यायलाच लागतं. खरं कोण लिहितो? आमच्या लाइनची सगळी मीच भरतो, अक्षर बरं आहे म्हणून. "पॅसेजमध्ये तेल सांडलेले आढळले." "ट्रॉलीचे चाक सैल होते." चौदा कार्डं दहा मिनिटांत. माझं राहिलं. त्यावर लिहिलं, पुढच्या माणसाला धोका दिसला, त्याने मागच्याला सांगितलं नाही. मग वाटलं, हे टळलेलं कुठे आहे. फाडलं. तेल सांडलेले आढळले.

रवि. २६ जाने.
राईड नाही. आईबरोबर विहारात गेलो, ती खूश. पंचशील म्हणताना "मुसावादा"ला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, सगळ्यांच्या मागे पडलो. खोटं तर मी काही बोललो नाही. कोणी विचारलंच नाही मला. असा विचार करत उरलेलं सगळं म्हटलं.

मंगळ. २८ जाने.
सरांचा फोन. चौथी जागा तुझी.
हो म्हणालो. लगेच म्हणालो. थांबलोसुद्धा नाही, याची लाज वाटते. आणि आनंदही झाला, तोही लिहून ठेवतो.

शुक्र. ३१ जाने.
दत्तूने बोलावलं. सायकल दारात पुसून ठेवलेली, डाव्या हाताने पुसलेली. म्हणाला, "तुझं लोखंड घिऊन काय जातूस, ही ने. पडून काय करायलीय इथं." सीट माझ्या उंचीला लावून घेतली, पाना वहिनींच्या हातात आणि सूचना याच्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. वहिनी होत्या, पोरं होती. कारणं काय, पाहिजे तेवढी मिळतात.
घेऊन आलो.

रवि. २ फेब्रु.
दत्तूची सायकल वाऱ्यासारखी जाते. गिअर ब्रेकपाशीच, हात सोडायला नको. सर म्हणाले, तू तर छुपा रुस्तम निघालास. निघोजे रोड टाळू या, मीच सुचवलं. सगळ्यांना वाटलं, मला दत्तूचं वाईट वाटतंय.

गुरु. ६ फेब्रु.
रोज संध्याकाळी मोशीत नव्या इमारतींच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर एका हाताची प्रॅक्टिस. डावा हात सोडला की सायकल उजवीकडे ओढते. दहा पावलं जाते, मग पाय टेकतो. बाकड्यावरचे दोन आजोबा बघतात. एक म्हणाला, या वयात शिकताय? म्हटलं, हो.
जे डोक्यात फिरतंय ते लिहितो. मला ती जागा हवी होती. त्या रविवारी सकाळीही हवी होती. खड्ड्यापाशी मनात काही आलं नव्हतं, सवयीनेच हँडल वळलं. नक्की. पण हे "नक्की" मी दिवसातून किती वेळा म्हणतो.

सोम. १० फेब्रु.
संगीताला सांगितलं. तिने भाजी ढवळायची थांबवली. मला वाटलं म्हणेल, जाऊ दे, मुद्दाम थोडंच केलंस. तिने विचारलं, "दत्तूभाऊंना माहीत आहे?" नाही म्हटलं. जेवायला वाढलं, मीठ कमी होतं, मागितलं नाही.

गुरु. १३ फेब्रु.
दत्तूचा फोन. वर्कशॉपने त्याच्या जागी दुसरा घेतला, बरा झालास की बघू म्हणाले. हे सांगून वर मलाच धीर देत होता, "तू शर्यतीचं बघ राव, माझं हुतंय काहीतरी." फोन ठेवल्यावर टेरेसवर जाऊन बसलो. रडू आलं, खरंच आलं. शर्यतीच्या आधी सांगायचं, ठरलं. नंतर सांगितलं तर त्या सांगण्याचं शेणच होईल.

रवि. १६ फेब्रु. पहाट, आज शर्यत
काल सांगितलं.
वहिनी दळण आणायला गेल्या होत्या. सगळं सांगितलं, खड्डा रोजचा, हात येत नाही, ओरडलो नाही. सरांना मारलेली थापसुद्धा. जागा मला हवी होती, तेही. हे शेवटचं बोलताना त्याच्याकडे बघता आलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोललो.

दत्तू शिव्या घालेल वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पट्ट्यातला हात जरा सरकवला, तोंड वाकडं झालं, दुखत असावं. मग म्हणाला, "आता हे सांगून मी काय करू?"
सायकल आत्ताच आणून देतो म्हटलं.
सायकलचं सोडून त्याने विचारलं, "यायलंय का आता एका हातानं?"
खोटं बोलायचं नाही ठरवलं होतं. म्हटलं, थोडंथोडं. भरवसा नाही.
"मंग उद्या कुणाच्या म्होरं राहू नको."

एवढंच. वहिनी आल्या, चहा करते म्हणाल्या, मी थांबलो नाही.

रात्रभर तेच. रागाने म्हणाला, का काळजीने? का नुसतं जे खरं ते म्हणाला? चौघांच्या ओळीत आळीपाळीने प्रत्येकाला पुढे यावंच लागतं. मी पुढे आलो की मागे तिघं, तिघांना माझ्या पाठीशिवाय काही दिसणार नाही. मागेच राहिलो तर तिघांवर ओझं. नाही गेलो तर टीमच बाद.

सव्वापाच. सरांचा फोन येऊन गेला, निघालास का. निघतो म्हणालो. सरांना अजून काही सांगितलेलं नाही. संगीताने केळी आणि पाण्याची बाटली ओट्यावर ठेवलीय. दत्तूची सायकल दारात उभी आहे आणि मी अजून लिहीत बसलोय.