चार बुजवलेल्या खिडक्या

कोपरगाव,
दि. १४ जुलै १९७१

ती. दादास,
भागिरथीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. मी इथल्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून रुजू झाले त्याला आज पंधरा दिवस झाले. एकतीस मुली आहेत. बऱ्याचजणी आपल्या पाथर्डीकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या. काही अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या.

इमारत म्हणजे पूर्वीचं सरकीचं गोदाम. रस्त्याच्या बाजूला चार मोठ्या खिडक्या होत्या. दोन वर्षांपूर्वी कुणी आत चिठ्ठ्या टाकल्या, म्हणून संस्थेनं त्या विटांनी बुजवून टाकल्या. आता उजेड येतो तो दारातून आणि छताजवळच्या हातभर झरोक्यांतून.

मुली शाळेतून हसत येतात, दादा, आणि उंबरा ओलांडला की गप्प होतात. दप्तर टाकून भिंतीकडे तोंड करून पडतात. ताटात अन्न राहतं. डोकं दुखतं म्हणतात. डॉक्टरांनी तपासलं, रोग काही नाही. भंडारदऱ्याकडची गोजर नावाची बारा वर्षांची मुलगी जूनमध्ये आली तेव्हा गाणी म्हणायची म्हणे. आता नाव विचारलं तरी नुसती मान हलवते. माझ्याआधीच्या बाई मुलींना आळशी ठरवून गेल्या. मीही तेच म्हटलं असतं. पण परवा दुपारी माझाच जीव अंधारून आला आणि कारण नसताना मी एका पोरीवर ओरडले. बाहेर अंगणात आले तर लख्ख ऊन पडलेलं!

तू गवंडी आहेस म्हणून विचारते. बुजवलेली खिडकी उकरली तर भिंत उभी राहील का?

वहिनीला माझी आठवण सांग, आणि उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी
भागा

पाथर्डी,
दि. २३ जुलै १९७१

चि. भागास,
सहादूचा आशीर्वाद आन जयभीम.

आधी दादा म्हणून सांगतो, मग गवंडी म्हणून. दादा म्हणून सांगतो की गप ऱ्हा. आपल्या घरात पहिली मॅट्रिक तू. नोकरीला महिना झाला न्हाई आन तू भिंती पाडाय निघाली. आई असती तर तिनं कपाळाला हात लावला असता.

गवंडी म्हणून सांगतो, भिंत पडत न्हाई. मागनं भरलेली वीट नुसती भोकात बसवलेली असती. वरचा भार खिडकीवरचा आडवा दगड घेतो. त्यो शाबूत हाय का तेवढं बघायचं, आन उकरायचं तर वरनं खाली.

आता एक सांगतो, ते तुझ्या वहिनीलाबी ठाऊक न्हाई. पाच सालामागं शेवगावकडं एका मोठ्या घरात मी सुनेच्या खोलीची खिडकी बुजवली. ती आतून म्हणत हुती, एक वीट तरी सोडा. मी मालकाच्या तोंडाकडं बघितलं आन वीट बसवली. पुढं तिनं बोलणंच टाकलं, असं कानावर आलं. काम लई सरळ झाल्तं माझं. त्यामुळं तुला नको म्हणताना माझाच आवाज बसतोय. तरीबी आधी रीतसर अर्ज कर.

तब्येतीला जप, आन दादावरचा राग दादापाशीच काढत जा.

तुझा
सहादू

कोपरगाव,
दि. १६ ऑगस्ट १९७१

ती. दादास,
भागाचा जयभीम. वि. वि.

अर्ज तीन केले. संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब, माणूस वाईट नाही. मुलींना ज्वारी त्यांच्याच घरून येते. पण म्हणाले, मुली बाहेर बघतात म्हणून बाहेरचे आत बघतात. मी म्हटलं, मग बाहेरच्यांचे डोळे झाका, मुलींचे कशाला? त्यावर उद्धटपणाबद्दल मला लेखी समज मिळाली.

गेल्या गुरुवारी गोजर शाळेतून परतली नाही. आम्ही सारं गाव धुंडाळलं. गोदावरीच्या घाटावर एकटी बसलेली सापडली. मी रागावणारच होते. ती इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली, म्हणाली, बाई, इथं वारं हाय.

काल झेंडावंदनाला काकासाहेबांनी स्वातंत्र्यावर तासभर भाषण केलं. परत आल्यावर मी पदर खोचला, छिन्नी-हातोडी घेतली आणि स्टुलावर चढले. आधी पहिल्या खिडकीवरचा दगड पाहिला. पहिली वीट निघायला अर्धा तास लागला. पुढच्या विटा मुलींनी रांग करून हातोहात अंगणात नेल्या. उजेड आत पडला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरी एकमेकींच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मग एकीला कोपऱ्यातली जळमटं दिसली आणि न सांगता झाडू निघाला. संध्याकाळी भाकरी कमी पडल्या, दादा! पुन्हा तवा ठेवावा लागला.

दिवस मावळता दोन टगे सायकलींवरून समोर येऊन शिट्ट्या घालू लागले. मी दाराकडे निघाले, तोवर एकतीसजणी खिडकीत दाटीवाटीनं उभ्या राहिल्या आणि नुसत्या टक लावून बघत राहिल्या. बिचाऱ्यांना सायकलवर बसायचंही सुचलं नाही, हातात धरून चालत गेले.

आता नोकरी जाईल. तू काय म्हणशील ते मला पाठ आहे, तरी लिहीच.

तुझी
भागा

पाथर्डी,
दि. २५ ऑगस्ट १९७१

चि. भागास,
आशीर्वाद आन जयभीम.

तुझं पत्र वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणती, नोकरी गेली तर भागाताईंनी सरळ इकडं यावं, घर त्यांचंबी हाय. मी काय म्हणणार ते तुला पाठ हाय म्हणतेस, पण या वेळी चुकलीस. लई झ्याक केलंस.

माफी मागू नको. कागदावर सही करायची पाळी आली तर आधी मला कळव.

तुझा
सहादू

कोपरगाव,
दि. २० सप्टेंबर १९७१

ती. दादास,
भागाचा जयभीम. वि. वि.

संस्थेनं खिडकी पुन्हा बुजवायला गवंडी पाठवला. मुली पुस्तकं घेऊन पाळीपाळीनं खिडकीतच बसल्या. दोन दिवस तो घमेलं घेऊन आला, विडी ओढून गेला. तिसऱ्या दिवशी काकासाहेब स्वतः आले. हे सगळं तुमच्या भल्यासाठी आहे, असं त्यांनी मुलींना समजावलं. तेव्हा गोजरनं विचारलं, आबा, तुमच्या गाईंच्या गोठ्याला भिंती किती बाजूंनी हायेत? ते चटकन म्हणून गेले, एकाच. मग स्वतःचं उत्तर त्यांच्याच कानावर आलं. टोपी काढून खिडकीशी बराच वेळ उभे राहिले.

निकाल असा, की खिडकी राहील, तिला लोखंडी गज बसतील, आणि बाई दिवाळीच्या सुट्टीपासून कामावर नसतील. माफीचा अर्ज दिला तर फेरविचार करू, असं चिटणीसांनी सुचवलं. मी अर्ज दिला. त्यात उरलेल्या तीन खिडक्या उघडायची परवानगी मागितली. उत्तर आलं नाही, म्हणून त्यातल्या दोन उघडल्या. चौथीवरचा दगड तडकलाय. मला न्यायला येशील तेव्हा हत्यारं घेऊन ये.

वाईट वाटत नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण मान खाली घालावी असंही काही वाटत नाही.

वहिनीला सांग, मी येतेय. जागा करून ठेवा.

तुझी
भागा

कोपरगाव,
दि. २२ नोव्हेंबर १९७१

ती. बाईंस,
गोजरचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही पाथर्डीच्या शाळेत लागल्या हे कळून आम्हाला आनंद झाला. सहादूमामांनी चौथ्या खिडकीवर बसवलेला दगड पक्का आहे. तिथं सकाळचं ऊन येतं, म्हणून ती जागा लहान मुलींना दिली आहे. मी सहामाहीत पास झाले.

नव्या बाई तशा चांगल्या आहेत. पण आल्या त्याच दिवशी त्यांनी जाड काळं कापड आणलं आणि म्हणाल्या, खिडक्यांना पडदे शिवा. आम्ही कापड घेतलं आणि त्याची दप्तरं शिवली. बाई फार रागावल्या. सगळ्यांना रांगेत उभं करून म्हणाल्या, असं वागायला कुणी शिकवलं, त्या बाईंचं नाव सांगा.

मी पुढं होऊन माझं नाव सांगितलं.

आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची
गोजर