हिर्डोशीचा चढ

भोर,
ता. १८ जानेवारी

प्रिय सुलू,

तू बरी असशील. अश्विनीच्या गुडघ्याला आराम पडला का? दिवाळीत या बहिणीकडे महाडला चार दिवस म्हणून गेलीस, तेव्हापासून इकडे तुळस मीच जगवतोय. पोळ्या बाहेरून आणतो आणि नावं ठेवत खातो.

पत्राचं कारण गाडी. आपल्या लाल, दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन बदलायचं की नाही, हे ठरत नाहीये. कामथडीचा मेकॅनिक मानसिंग बघून गेला. म्हणाला, "काका, लई दमलंय ह्ये. तुमी म्हनाल तर नव्या गाडीचं इंजिन बसिवतो. हितनं निगालात की थेट म्हाड. हिर्डोशीला थांबायचं कामच न्हाई."

आपल्या सौमित्रचं उलटं. फोनवर म्हणाला, "बाबा, मूळ इंजिन काढलंत तर ती जुनी गाडी कसली? नुसता सांगाडा."

दोघांचंही बरोबर आहे. मला अडलंय ते वेगळंच.

इतकी वर्षं हिर्डोशीच्या चढाला गाडीचं पाणी उकळायचं आणि आपण बॉनेट उघडून कडेच्या दगडावर बसायचो. लेकीचं नाव शुभ्रा, तेही तिथंच ठरलं. तुला शाळेतली नोकरी सोडायची नव्हती, हे तू मला तिथंच सांगितलंस. आई गेली तेव्हा मी घरात रडलो नाही, तिथं रडलो. गाडी निवली की पुन्हा मुकाट्यानं निघायचो. घरी बोलणं काय, तर भाजी कुठली आणि लाइटबिल आलं का.

दिवाळीत महाडला निघताना तू म्हणालीस, "तुमच्याशी बोलायचं तर गाडी तापावी लागते." तेव्हा मला राग आला. घर रिकामं झाल्यावर ते पटलं.

एसटीनंही महाडला येता येतं, हे मला कळतं. पण तिथं अश्विनीसमोर बसून मी पुन्हा गुडघ्याचीच चौकशी करीन.

तेव्हा इंजिनाचं तूच सांग. परतताना शेजारी बसणार असशील, तर जुनंच राहू दे. मी घ्यायला येतो, पाण्याचा कॅन भरून ठेवतो. नसशील, तर मानसिंगला नवं बसवायला सांगतो. एकट्यानं त्या चढावर थांबून मी काय करू?

त्याला शनिवारपर्यंत कळवायचंय.

उत्तराची वाट बघतोय. खरं म्हणजे तुझीच.

मधू