ढांग्याच्या मागे काय कोणाचं

ऑपरेशनची तारीख मिळाल्यापासून हे लिहायचं टाळतोय. आज सिस्टर ओरडल्या, "उद्या छाती उघडणार, आणि कागद अजून कोराच?" म्हणून बसलो.

मी, वय एकतीस, धंदा पूर्वी पगारी बास्केटबॉल खेळाडू, सध्या काही नाही, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी दमदाटी केलेली नसताना सांगून ठेवतो की:

१. दोन खोल्यांचं घर ताईला. दारांच्या चौकटी सुताराकडून उंच करून घेतल्यात, त्या खाली आणू नयेत. क्लब बदलले, शहरं बदलली, कपाळाचं टेंगूळ तेवढं कायम राहिलं. ताठ मानेने आत गेलो ते फक्त याच घरात. काय सांगत होतो? हां, घर. त्यातला लांब पलंग भाऊजींना. त्यांना आडवंतिडवं लोळायची हौस आहे.

२. बूट कोणाच्याच पायात बसायचे नाहीत. ताई त्यांत रोपं लावीन म्हणते. लावू दे.

३. गुडघ्याचे पट्टे, बर्फाच्या पिशव्या आणि हवा भरायचा पंप क्लबच्या मालिशवाल्या काकांना. त्यांनी मला उभं ठेवलं, बाकीच्यांनी नुसतं पळवलं.

४. बुटक्याला काहीही नाही. हा आमचा चेंडू पुढे आणणारा, माझ्याच खोलीत राहायचा. खेळताना चक्कर आली की मी बुटाची नाडी बांधायला खाली बसायचो. पंचालाही संशय येत नाही. माझी नाडी सारखी का सुटते, हे एकट्या बुटक्याला माहीत होतं. त्याने जाऊन टीमच्या डॉक्टरला सांगितलं. त्याच आठवड्यात करार गेला.

"पोटावर पाय दिलास माझ्या," मी म्हणालो.

"जिवंत राहा आणि मग हव्या तेवढ्या शिव्या घाल, ढांग्या."

तेव्हापासून बोलणं बंद. त्याने माझ्या मयताला येऊ नये. खरं तर आता रागवायचंही त्राण नाही, पण कलम राहू द्यावं.

ठिकाण: दवाखाना, पाय मावावेत म्हणून स्टूल जोडलेली खाट.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.
सही: केली.
साक्षीदार पहिला: सिस्टर.
साक्षीदार दुसरा: ताईला घर मिळतंय, तिची सही नको म्हणतात. ज्याला यातलं काहीच मिळत नाही असा कोणीतरी हवा. थांबा, सिस्टर दारातून सांगतायत, "तुमच्यासाठी रक्त द्यायला एक जण आलाय. बुटकासा आहे. रात्रभर प्रवास करून आलाय, आणि आत येऊ का म्हणून विचारतोय."

या म्हणावं.