खळ्यापासून शाळेपर्यंत

४ फेब्रुवारी २००४, डहाणू
उलट्या – चार. डॉल्फिन – शून्य. शून्यही लिहायचं असतं, डॉल्फिन मोजणीचे प्रमुख नीलेश सर म्हणाले. उलट्या लिहायच्या नसतात.

५ फेब्रुवारी
कामाची रीत कळली. बोटीच्या छपरावर दोन स्टुलं, एकमेकींचं दिसू नये म्हणून मध्ये ताडपत्री. एकीकडे मी, दुसरीकडे उज्ज्वला. ती जव्हारची, कॉलेजात माझ्याच वर्गात होती. सहा ते अकरा पुढे बघत बसायचं. डॉल्फिन दिसला तर ओरडायचं नाही, हात दाखवायचा नाही. मुकाट्यानं लिहायचं – वेळ, किती, किती अंतरावर. दोघींचं जुळलं की खरं धरायचं.
बोट चालवणाऱ्या लक्ष्मण तांडेलांना हे अजिबात पटलेलं नाही. "एवढालं जनावर समोर नाचतंय आन् पोरी मुक्या!"

७ फेब्रुवारी
अंतर मोजायची दुर्बीण समुद्रात! सरांच्याच हातून. मग म्हणाले, नुसत्या डोळ्यांनी अंतर कोणाला सांगता येतं?
मी हात वर केला. थोड्या वेळानं उज्ज्वलानंही.
मला येतंच. पोशेऱ्यात आमच्या खळ्यावर उभं राहिलं की दरीपलीकडे समोर शाळा. बरोब्बर अर्धा किलोमीटर. पाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. इथं काही दिसलं की मनातल्या मनात खळ्यावर उभी राहते – शाळेच्या अलीकडे की पलीकडे? झालं!

१२ फेब्रुवारी
सात डॉल्फिन! ओरडायचं नाही म्हणून ओठ चावला. एक पिल्लू होतं, आईच्या अंगाला चिकटून. साडेतीनशे मीटर लिहिलं.

१४ फेब्रुवारी
शून्य. एक तरंगती चप्पल.

२१ फेब्रुवारी
अंतर एवढं कशाला पाहिजे, ते आज विचारलं. सर म्हणाले, सगळा समुद्र आपण बघत नाही, बोटीच्या दोन्ही बाजूंचा पट्टाच बघतो. डॉल्फिन बोटीजवळच दिसले, तर पट्टा अरुंद. मग उरलेल्या समुद्रात न दिसलेले जास्त धरायचे. लांब दिसले तर कमी.
म्हणजे माझ्या डोळ्यांवर समुद्रातली वस्ती ठरते. हसूच आलं.
उज्ज्वलाचं अक्षर मोत्यासारखं. दोघींचे कच्चे कागद तीच पक्के लिहून काढते. मला तेवढाच डुलकीला वेळ.

२८ फेब्रुवारी
सर खूश. आतापर्यंतचा हिशेब – न दिसलेले धरून शहाऐंशी डॉल्फिन! दोघींची अंतरं पंचवीस-तीस मीटरच्या फरकानं जुळतात. "असं जुळलेलं मी पाहिलं नाही." जूनपासून दोन वर्षांचं काम आहे, दोघींनाही ठेवतो म्हणाले.
मला ते हवं आहे. फार हवं आहे. नाहीतर पुन्हा आश्रमशाळेत तासिकेवर.

५ मार्च, पोशेरा
होळीला घरी. खळ्यावर पाणी योजनेचे मोजणीवाले तिपाई लावून बसलेले. मी आपली शहाणपणा करायला गेले – "समोरची शाळा ना? पाचशे मीटर."
तो माणूस हसला. वही दाखवली. अकराशे.
पुन्हा मोजा म्हटलं. पुन्हा अकराशे.
बाला विचारलं. बा खीखी हसायला लागला. "अगं, किलोमीटरच्या आत पाडं असलं तरच शाळा देनार व्हते. मंग काय करायचं? समद्यांनी मिळून अर्जात अर्धा लिवला. शाळा पायजे व्हती ना!" आई आतून म्हणाली, "आन् तू शिकलीस ती कशानी?"
खरं आहे. पण पाड्यात ते इतक्यांदा बोललं गेलं की पुढं कोणाला आठवलंच नाही. मला तर कधी सांगितलंही नाही.

६ मार्च
पुरणपोळी गेली नाही. माझं प्रत्येक अंतर निम्म्याहून कमी. म्हणजे पट्टा खरा सव्वादोनपट रुंद. शहाऐंशीला सव्वादोननं भागलं. अडतीस.

९ मार्च, डहाणू
सरांना सगळं सांगितलं. खळं, शाळा, अर्ज. ते ऐकून घेऊन हसले. "जयवंती, तुझं एकटीचं असतं तर मानलं असतं. पण उज्ज्वलाचेही आकडे तेच आहेत. ती काय तुमच्या खळ्यावर वाढली?"
हुश्श वाटलं. खोटं कशाला लिहू! जिना उतरेपर्यंत वाटलं.
मग डोक्यात आलं – ती नाही ना वाढली खळ्यावर. तिचं घर जव्हारला, बाजारपेठेत. आमच्या पाड्याची थाप तिच्या डोळ्यांत शिरली कशी?

१० मार्च
तिला धक्क्यावर गाठलं. आधी म्हणाली योगायोग. मग म्हणाली, "हो, पक्के कागद करताना तुझं बघून लिहिलं. अंतर नाही येत मला. तू गप्प बस ना. दोघींचंही काम होतंय." तिच्या डोळ्यांत पाणी. मला तिची दया आली नाही. रागही फारसा नाही. आमच्या पाड्यानं तरी दुसरं काय केलं होतं?
पण इथं गप्प बसलं तर अठ्ठेचाळीस डॉल्फिन समुद्रात नसताना कागदावर असतील. उद्या ते पिल्लू नाहीसं झालं तरी कोणाला कळणार नाही. हे काही मला जमेना.

११ मार्च
सरांना एवढंच म्हटलं – एकदा परीक्षा घ्या. दोघींची. कागद तिथल्या तिथं तुम्हीच गोळा करा. उज्ज्वलाचं नाव घेतलं नाही. सर म्हणाले, बरं.

१२ मार्च
सकाळी समुद्र ताटासारखा. तांडेलांनी तरंगता लाल बोया टाकला, बोट लांब नेली. जीपीएस म्हणालं बाराशे मीटर. मी डोळ्यांना आलं तेच लिहिलं – साडेपाचशे. सरांनी आकडा दोनदा वाचला.
मग त्यांनी उज्ज्वलाचा कागद घेतला. कोरा. सर म्हणाले, अगं, अंदाजे तरी लिही. ती म्हणाली, "बोया कुठं आहे, सर?"
शंभर मीटरच्या पुढचं तिला काहीच दिसत नाही. चष्मा लावला तर घेणार नाहीत म्हणून बोलली नाही.
म्हणजे पाच आठवडे त्या छपरावर बघणारी मी एकटीच होते.