अर्जाआधीचा कुंदा

निपाणी,
१२ जानेवारी २०२६

चि. कॅप्टन रचना हिस,
यल्लाप्पामामाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळी ठणठणीत. पेपरात बातमी वाचली आणि मला जागेवर बसवंना गं! देशाच्या जहाजखात्याची सगळ्यात मोठी खुर्ची आजवर कलेक्टरकीतून आलेल्या साहेबांची. आता म्हणे जहाज चालवलेल्यांनाही अर्ज करता येणार! मी तडक बेळगाव गाठलं, तिथला गोड कुंदा आणला, गल्लीभर वाटला. चौकात तुझा फलकही लागलाय, वर कन्नड, खाली मराठी. अभिनंदन आधी, अर्ज मागनं! हस आता.

तहसीलदार म्हणून रिटायर झालेले हरिभाऊ कुंदा खातखातच भांडले. "यल्लाप्पा, जहाज चालवणं वेगळं, खातं चालवणं वेगळं. कोर्ट, मंत्री, बंदरं, मच्छीमार, सगळ्यांना धरून न्यावं लागतं. तिथं जिल्हा सांभाळलेला माणूसच हवा."

मी म्हटलं, "व्हय, आणि वादळात जहाज कोण सांभाळणार? तलाठी?"

लई हसली माणसं. पण पोरी, त्यांचं अगदीच खोटं न्हाय. समुद्र तुला कळतो. माणसं मात्र तू पटकन तोडतेस.

तेवढ्यात तानीबाई आली. तिचा पोरगा शामू मागं परमुलखात बंदराबाहेर जहाजावर अडकलेला, मालक पळून गेलेला, आठवतंय ना? ती म्हणाली, "तवा त्या खात्यातला फोनवरचा साहेब म्हणालता, पाणी संपलं तर खाली उतरून प्या. आता रचना बसंल तितं. जहाजावरनं उतरता येत न्हाय, हे तिला सांगाय नको." आता घरी परतलेल्या शामूसाठी कागदात कुंदा बांधून घेऊन गेली.

मी तिला खरं काय ते सांगितलं न्हाय. कारण परवा फोनवर तुला 'आवाज येत न्हाय' म्हणालो, पण सगळं ऐकू आलं होतं. खुर्ची नको, फायली नकोत, परत समुद्रावर चालले, असं म्हणालीस.

तिथं तू सुखात राहशील, हे मला कळतं. पण तिथं तुझ्या हाती एकच जहाज. हरिभाऊ म्हणतात, "अर्ज करू दे तिला. कचेरी कशी चालवायची ते मी शिकवतो. आधी भांडेन, मग शिकवेन."

शुक्रवार अर्जाचा शेवटचा दिवस. तू न्हाय म्हणालीस तरी माझी लाडकीच. तेवढं तानीबाईला मात्र तूच फोन करून सांग. माझ्या तोंडून निघायचं न्हाय.

तिचा नंबर पाठीमागं लिहिलाय.

तुझा उतावळा,
यल्लाप्पामामा