कण्याची दिवाळी

मौजा डोंगरगाव, तहसील गडचिरोली, जि. चांदा
कार्तिक शुद्ध नवमी

तीर्थस्वरूप मुखरूमामांच्या चरणी भाचा लटारू याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा थंडीत कुरकुरत तर नाही ना, आणि जनपद सभेच्या बैठकीत आपल्याला अजून तीच डुगडुगती खुर्ची देतात काय, हे कळवावे. आमच्याकडे आई, आपली सून शकुबाई आणि माहेरपणाला आलेली बहीण चंदा सर्व खुशाल आहेत. मीही खुशाल आहे, किंबहुना अभिमानाने खुशाल आहे. गेले सहा दिवस बाजेवर उताणा पडून आहे, ही गोष्ट वेगळी. छातीवर शाळेची पाटी आणि पाटीवर कागद ठेवून लिहितो आहे, म्हणून ओळी डोंगर चढल्यासारख्या दिसतील.

आपल्याला ठाऊकच आहे की दिवाळीआधी शाळाखात्याने मला नागपूरला पंधरा दिवसांच्या व्यायामवर्गाला पाठवले होते. (तहसिलीतून मी एकटाच. आधी दुसऱ्या एका मास्तरांचे नाव निघाले होते, पण त्यांना हिवताप झाला. तो भाग मी गावात सांगत नाही.) तिथे कळले की माणसाची अर्धी दुखणी वाकून बसण्यातून येतात, आणि सणासुदीत तर विचारूच नये, माणसे दिवसभर एका जागी बसून तळतात, एका जागी बसून खातात, आणि मग त्याच जागी आडवी होतात. कणा ताठ, खांदे मागे, आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ एका जागी बूड टेकायचे नाही, एवढे सांभाळले तर दिवाळी अंगाला लागत नाही. वसुबारसेला मोटारीतून उतरून नऊ मैल बैलगाडीने घरी आलो तो सबंध वाट ताठ बसून. गाडीवानाने दोनदा विचारले, पाठीवर गळू झाले आहे काय.

धनत्रयोदशीला सकाळी पाहतो तर आई पहाटेपासून चुलीपुढे उकिडवी, शकुबाई करंज्यांवर वाकलेली, आणि चंदा पाट्यावर अशी दुमडलेली की तिचे डोके कुठले आणि गुडघे कुठले हे सांगता येईना. मी तडक जाऊन शाळेची घंटा आणली (सुटीत ती तिथे नुसती लोंबकळत असते), ओसरीच्या खांबाला टांगली आणि जाहीर केले की दर अर्ध्या तासाने ती वाजेल. वाजली की हातातले काम टाकून उभे राहायचे, हात वर ताणायचे आणि आंगणाला तीन फेऱ्या घालायच्या. पहिल्या घंटेला कोणी उठले नाही. दुसरीला आई उठली, पण ती मला मारायला. तिसरीला मात्र सगळ्या उठल्या, आणि कढईतल्या करंज्यांचा कोळसा झाला. तेव्हा मी नियमात दुरुस्ती केली की बाया फिरतील तोवर कढईपाशी मी बसेन. (हे वर्गात शिकवलेले नव्हते, ही माझी स्वतःची भर.) नरकचतुर्दशीपर्यंत मी दीडशेवर करंज्या तळल्या. त्यांतल्या बऱ्याचशा खाण्याजोग्या होत्या.

पण यश माणसाला घरी बसू देत नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बांधीत हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी होती. जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे तिकडच्या वस्तीवरून, बुधरी आपल्या आठ बाया घेऊन आली होती. आपण तिला पाहिले असेल; साठी उलटलेली, तीस वर्षे आमचे धान तीच कापते. मी बांधावर उभा राहून सांगितले की कमरेत वाकू नये, गुडघ्यात वाकावे, आणि कणा शाळेच्या झेंड्याच्या काठीसारखा ठेवावा. बुधरीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि आपला विळा माझ्या हातात दिला. म्हणाली, "गुरुजी, तुमी एक पात कापून दाखवा. आमी पाह्यतो."

मामा, धानाचे पहिले दहा चूड मी जे कापले, ते आपण पाहायला हवे होते. कणा ताठ, गुडघे वाकलेले, श्वास नाकाने. अकराव्याला मी बाया पाहत आहेत ना, हे पाहायला मान वळवली (पाहत होत्या), तेवढ्यात चिखलात पाय रुतला आणि कमरेत वाळका बांबू मोडल्यासारखा आवाज झाला. मग मला उठताही येईना आणि बसताही येईना. बुधरीने विचारले, गुरुजी, आता काय करून राह्यले. मी सांगितले, हा व्यायामाचा चौथा प्रकार आहे. त्या बिचाऱ्या पाचव्या प्रकाराची वाट पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी घरून बाज आणवून चौघींनी मला उचलून नेले. चौघीही खांदे मागे टाकून, अगदी ताठ चालत होत्या. मी बाजेवरूनच त्यांना शाबासकी दिली.

बुधरीने मोहाच्या बियांचे तेल गरम करून कमरेला चोळले आणि मी सांगेपर्यंत उठायचे नाही, असा हुकूम देऊन गेली. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मी असा बाजेवर पडून होतो. मंडईच्या जत्रेला पाहुणे येणार म्हणून घरोघरी पुन्हा चुली पेटलेल्या. आणि एकाएकी घंटा वाजली. मी तर सांगितलेले नव्हते. मला वाटले कुठे आग लागली. मान उचलून दारातून पाहिले, तर आई स्वतः टोले देत होती, आणि आमच्याच नव्हे, शेजारच्या घरांतल्याही बाया पिठाच्या हातांनी बाहेर येऊन आंगणात फिरत होत्या. कोणीतरी हसत होते. एक हात कमरेवर ठेवून आईही फिरली. तीन फेऱ्या झाल्यावर ती माझ्या बाजेपाशी येऊन बसली.

"लटारू," ती म्हणाली, "पन्नास दिवाया झाल्या मले या घरात. चुलीपुढून जरा ऊठ, असं मले कोनी नाई म्हटलं. तू पयला."

मी कण्याच्या मणक्यांविषयी काही सांगणार होतो, पण आधी पांघरुणाच्या टोकाने नाक पुसावे लागले. (मला त्या दिवशी पडसे झाले होते.) आज आमच्या आळीतल्या अकरा घरच्या बाया त्या घंटेवर उठतात, आणि तेवढा वेळ कढईपाशी त्यांचे नवरे बसतात. करंज्या जळतात, पण बसतात. हा मान नागपूरच्या वर्गातल्या दुसऱ्या कोणाला मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

मामींना नमस्कार, आणि मुलांना ताठ बसायला सांगणे. एवढे लिहून पाटी उतरवतो.

आपला आज्ञाधारक,
लटारू

ता. क. तहसिलीसाठी व्यायाम-निरीक्षकाची एक जागा निघणार, असे कानावर आले आहे. मला पदाची हाव नाही. परंतु आपण सभेचे सभासद आहात, आणि लायक माणूस मागे राहिला तर सभेचीच शोभा जाते. शिफारस करताना बाजेचा उल्लेख नसावा.

ता. क. दुसरा. मामाजी, पाया पडते. पत्र टपालात टाकाले यायनं माह्याजवळ देलं, म्हून मी शकु दोन ओळी लिवून राह्यली. यायची कंबर चार दिवसापासून बरी हाय. बुधरीबाई रोज पाहून जाते आन अजून नाई म्हनते, कारन हे उठले का शिकवतेत. पडल्या पडल्या लसून मात्र लय चांगला सोलतेत. जागेचं तुमी पाहा, पन तुळशीच्या लग्नाच्या आंधी नोका पाहू.

आन सासूबाईनं सांगतलं तसंच लिवते : मुखरू, यंदा तू भाऊबीजेले आला नाई, पाहुने होते म्हनते तुह्या घरी. मंग ओवाळनी माही बाकी हाय. माह्या वयनीले आठ दिस इकडे पाठव. एकटीले. तिच्यामागं सयपाक कोन करन, हे मले इचारू नोको.